कच्चं पान

चवथीच्या दिवसांत आरत्या झाल्या, फुगड्या झाल्या, जेवणं उरकली की आमच्या घरी पत्ते निघतात. गोव्यातल्या बऱ्याच घरांत निघतात, त्यात नवल काही नाही. पूर्वी रमी, झब्बू, मेंढीकोट असायचं. अलीकडे भाच्यांची पिढी पोकर घेऊन आली आहे. पैसे लावायचे नाहीत, चिंचोके लावायचे असा घरचा दंडक. पण जिद्द अशी की जणू मांडवीतल्या जहाजावरच बसलेत! गेल्या चवथीला माझ्या हातात बदामाची सत्ती-अठ्ठी आली. मी ती टाकायला निघालो, तर आधीच डावातून बाहेर पडलेला भाचा कानाशी येऊन म्हणाला, "मामा, टाकू नको. स्पेक्युलेटिव्ह हँड आहे. स्वस्तात बघायला मिळतंय तर बघून घे."

स्पेक्युलेटिव्ह म्हणजे सट्ट्याचं. आज काहीच नाही, उद्या कदाचित खूप काही, असं पान. भाच्याला वाटलं, मामाला हे नवीन आहे. शब्द नवीन होता, गोष्ट नव्हती. चाळीस वर्षांपूर्वी निपाणीत मी याच गोष्टीला दुसरं नाव ऐकलं होतं : कच्चं पान. आणि ज्यांनी ते सांगितलं, त्यांनी त्याच रात्री एका वेगळ्या पानाचीही गोष्ट सांगितली होती. आजचा लेख त्या दोन पानांबद्दल.

मी तेव्हा बेळगावला शिकत होतो. खोलीवरचा माझा मित्र निपाणीचा. १९८४च्या दिवाळीत त्याने मला घरी नेलं. बेळगावपासून पाऊणशे किलोमीटर, पुणे-बंगळूर हमरस्त्यावरचं गाव. आपल्यापैकी अनेकांनी ते पाहिलेलं असतं, पण फक्त गाडीच्या खिडकीतून. पुण्याहून गोव्याला येताना निपाणीला वळून आजरा-आंबोलीमार्गे उतरायचं, एवढीच आपली त्या गावाशी ओळख. मी तिथे पहिल्यांदा उतरलो तेव्हा आधी जाणवला तो वास. तंबाखूचा. रस्त्याला वास, भिंतींना वास, मित्राच्या घरातल्या चादरींनाही वास. मित्राचे वडील, ज्यांना सगळा वाडा तात्या म्हणायचा, एका तंबाखूच्या वखारीत आयुष्यभर हिशोब लिहीत आले होते.

पाडव्याच्या रात्री ओसरीवर सतरंजी पसरली गेली. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला आपल्या जुन्या पंचांगांत द्यूतप्रतिपदा असंही नाव आहे. वर्षातून एक रात्र जुगाराला धर्माची परवानगी! रमी सुरू झाली. तेरा पानं, पॉइंटला पाच पैसे. मी कॉलेजात स्वतःला बरा खेळाडू समजत असे. तासाभरात माझे सहा रुपये गेले आणि तात्यांनी पत्ते पिसता पिसता विचारलं, "तू पानं टाकत का न्हाईस?"

मी म्हटलं, "जमतील असं वाटतं, तात्या."

"वाटणारच की. कच्चं पान हातात आलं की सगळ्यांनाच वाटतंय. असं बघ, पान उचलायच्या आधी टाकलास तर वीस पॉइंट जातात. एकदोन पानं ओढून मग टाकलास तर चाळीस. आणि आशेवर बसलास तर ऐंशी. आशेची किंमत साठ हाय, ध्यानात ठेव."

रमी खेळणाऱ्या कुणालाही हे आकडे ठाऊक असतात. पण 'आशेची किंमत साठ' असा हिशोब मी कधी मांडला नव्हता. तात्यांचं म्हणणं असं होतं, की चांगली पानं आली तर कुणीही खेळतो, वाईट आली तर कुणीही टाकतो. माणसाची परीक्षा मधल्या पानांवर होते. हातात सत्ती आहे, अठ्ठी आहे, नश्शीची वाट आहे... अशी पानं कधी खेळायची? त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. बघायची किंमत थोडी असेल तर. जमलं तर मिळणारी रक्कम मोठी असेल तर. आणि नाही जमलं तर टाकून उठायची तयारी असेल तर. तिन्हीपैकी एक जरी नसेल, तर पान कितीही गोड दिसो, टाकायचं.

आता भाच्याने समजावलेला पोकरचा हिशोब पाहू. प्रत्येकाला दोन पानं मिळतात, मग सगळ्यांची मिळून पाच पानं मधे उघडी मांडली जातात : आधी तीन, मग एक, मग एक. हातात पंजीची जोड असेल, तर पहिल्या तीन पानांत तिसरी पंजी येण्याचा संभव शंभरात सुमारे बारा. म्हणजे एका जमलेल्या डावामागे साडेसात फसलेले डाव. प्रत्येक वेळी बघायला शंभर रुपये पडत असतील, तर एकदा जमेपर्यंत साडेसातशे गेलेले असतात. समोरच्याजवळ तीनशेच उरले असतील, तर जमूनही तुम्ही बुडालात! त्याच्याजवळ दोन हजार असतील तर गोष्ट वेगळी. म्हणून जाणकार म्हणतात, बघायच्या किमतीच्या पंधरा-वीसपट तरी पैसा दोघांच्याही पुढ्यात हवा, कारण जमलं तरी समोरचा दर वेळी सगळे पैसे देत नाही. माझ्या बदामाच्या सत्ती-अठ्ठीचं तर आणखी अवघड. शेवटपर्यंत बसलो तरी पाच बदामं जमण्याचा संभव शंभरात सहा-सात. शिवाय जागेचं महत्त्व. ज्याची बोलायची पाळी सर्वांत शेवटी, त्याला इतरांनी काय केलं ते दिसलेलं असतं. कच्चं पान त्यानेच खेळावं. ज्याला सर्वांत आधी बोलावं लागतं, त्याने नव्हे.

तात्यांना पोकर माहीत नव्हतं. पण त्यांचे तीन नियम आणि हे नियम यांत मला फारसा फरक दिसत नाही. त्यांत फक्त जागेची भर पडली, ती पुढे कामाला येणार आहे.

या खेळाची एक गंमत आहे. डॉयल ब्रन्सन नावाचा टेक्ससचा एक प्रसिद्ध खेळाडू होता, २०२३ साली वारला. लहान, लागोपाठची, एकाच रंगाची पानं खेळण्याबद्दल त्याची ख्याती. १९७६ आणि १९७७ अशी लागोपाठ दोन वर्षं तो पोकरचा जगज्जेता झाला, आणि दोन्ही वर्षी शेवटच्या डावात त्याच्या हातात होती दस्सी आणि दुर्री. रद्दी पानं! तेव्हापासून त्या पानांच्या जोडीला त्याचंच नाव पडलं. जमलेली दस्सी-दुर्री जगाच्या लक्षात राहिली. त्याने आयुष्यभर टाकून दिलेल्या हजारो दस्सी-दुर्रींचा इतिहास कोण लिहिणार? टाकलेल्या पानांचा इतिहास नसतो. त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटतं, कच्चं पान म्हणजे नशीब काढणारं पान.

आपल्या न्यायालयांनाही हाच प्रश्न पडला होता, की पत्ते म्हणजे नशीब की अक्कल? १९६७ साली सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, तीन पत्तीसारखा निव्वळ नशिबाचा नाही. कारण पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, कुठलं धरायचं आणि कुठलं सोडायचं ते ठरवावं लागतं. सोडणं हे कौशल्यात मोजलं गेलं, ही मला त्या निकालातली महत्त्वाची गोष्ट वाटते.

सीमाभागात तर हा प्रश्न भूगोलाचाही झाला. १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात, त्यामुळे जुगाराला मुंबईचा १८८७चा कायदा. राज्यं बदलली, आणि पुढे कर्नाटकाचा १९६३चा पोलीस कायदा आला. निपाणीच्या वेशीबाहेर काही किलोमीटरवर महाराष्ट्र, तिथे जुनाच कायदा चालू. घाट उतरला की आपला गोवा, आपला १९७६चा कायदा, आणि त्यात १९९२ व १९९६ साली झालेल्या दुरुस्त्या. पहिल्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत यंत्रं आली, दुसरीने पाण्यावर जुगाराची टेबलं. कर्नाटकाने २०२१ साली पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, ती २०२२च्या फेब्रुवारीत तिथल्या उच्च न्यायालयाने रद्द केली. २०२५च्या ऑगस्टमध्ये केंद्रानेच कायदा करून पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले. आपण गोवेकरांना तर २०२० पासून कॅसिनोत खेळायलाच मनाई. मांडवीच्या काठावर संध्याकाळी गाड्यांच्या पाट्या पाहा : केए २२ म्हणजे बेळगाव, केए २३ म्हणजे चिकोडी-निपाणीकडची. त्या पाट्या दिसल्या की मला तात्यांची ओसरी आठवते.

असो. आता दुसरं पान.

त्या रात्री डाव संपल्यावर तात्या सुपारी कातरत बसले होते. मी सहज म्हटलं, "तात्या, तुमच्या मालकांचा धंदाही जुगारच म्हणायचा. भाव वर जाईल की खाली, कोण सांगणार?"

तात्या हसले नाहीत. म्हणाले, "शेट जुगार खेळत न्हाई रं. शेट हिशोब करतोय. जुगार खेळतोय तो शेतकरी. आणि त्याला ठाऊकबी न्हाई की आपुन खेळतोय म्हणून."

मग त्यांनी जे सांगितलं, ते मी पुढे अनेकांकडून पडताळत गेलो. निपाणीची काळी जमीन विडीच्या तंबाखूची. पावसाळ्याच्या सुरुवातीला रोपं टाकायची, ऑगस्टच्या सुमारास लावण, मग शेंडे खुडायचे, फुटवे काढायचे. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा, बोटं चिकट आणि काळी होईपर्यंत. जानेवारी-फेब्रुवारीत काढणी, उन्हात वाळवण, मग माल वखारीकडे. भाव ठरतो पानाच्या जाडीवर, रंगावर, वाळल्यावर त्यावर उठणाऱ्या तांबूस ठिपक्यांवर. ते ठिपके पाहून दर सांगणारा डोळा व्यापाऱ्याचा. मोजमापाला तराजू असतो, पण ठिपक्यांना तराजू नसतो!

आता तात्यांचे तीन नियम आणि भाच्याचा चौथा इथे लावून पाहा.

बघायची किंमत थोडी हवी. तंबाखूची किंमत म्हणजे अख्खा हंगाम : खत, मजुरी, आणि घरातल्या बायकापोरांची न मोजलेली मेहनत. पुढ्यात पैसा खोल हवा. शेतकऱ्याच्या पुढ्यात पैसा नव्हताच. लावणीच्या वेळी उचल घेतलेली, आणि बहुतेकदा ज्याला माल घालायचा त्याच्याकडूनच घेतलेली. बोलायची पाळी शेवटी हवी. इथे शेतकऱ्याचा माल आधी वखारीत जायचा, भाव मागाहून कळायचा आणि पैसे त्याच्याही मागाहून मिळायचे. म्हणजे बोलायची पहिली पाळी शेतकऱ्याची, शेवटची वखारीची. आणि सर्वांत महत्त्वाचं, नाही जमलं तर टाकता यायला हवं. ज्वारीला भाव आला नाही तर निदान भाकरी होते, कडबा गुरांना होतो. तंबाखूला जनावरही तोंड लावत नाही. ते पान घरात ठेवून खाता येत नाही, टाकून उठता येत नाही. वर्षभर त्याच टेबलावर बसून राहायचं.

व्यापाऱ्याच्या बाजूने हेच पान पाहा. शेकडो शेतकऱ्यांचा माल, म्हणजे शेकडो डाव. एकाचा माल हलका निघाला तर दुसऱ्याचा भारी निघतो. भांडवल खोल. गोदामात माल ठेवून भावाची वाट बघण्याची ताकद. पाळी शेवटची. कच्चं पान खेळायला लागणाऱ्या सगळ्या अटी त्याच्याकडे होत्या. म्हणून तात्या म्हणाले, शेट हिशोब करतोय. यात शेट वाईट माणूस होता असं नाही. तात्या मालकाबद्दल कधी वाईट बोलले नाहीत. टेबलच तसं मांडलेलं होतं.

मग लोक हे पान लावत का राहिले? मी तात्यांना हेच विचारलं. ते म्हणाले, गावात एकाचं तरी माडीचं घर तंबाखूवर बांधलेलं असतं. चांगल्या वर्षी भाव मिळाला, त्याने माडी चढवली. ती माडी रोज सगळ्यांना दिसते. ज्यांची जमीन गेली त्यांची घरं दिसत नाहीत, कारण ते गाव सोडून गेलेले असतात. पुढे अनेक वर्षांनी ब्रन्सनच्या दस्सी-दुर्रीची हकीकत वाचली तेव्हा मला ती माडीच आठवली.

आणि मग तात्या १९८१ वर आले. गोष्ट तेव्हा जेमतेम साडेतीन वर्षांपूर्वीची होती, आणि त्या ओसरीवर बसलेल्या प्रत्येकाने ती पाहिलेली होती.

शरद जोशी हे नाव तेव्हा कांद्याच्या चाकण आंदोलनाने आणि १९८०च्या नाशिकच्या ऊस-कांदा आंदोलनाने गाजलेलं होतं. १९८१च्या मार्चमध्ये ते तंबाखूसाठी निपाणीत आले. १४ मार्चला शेतकरी पुणे-बंगळूर हमरस्त्यावर येऊन बसले, ते उठलेच नाहीत. बायकापोरं, बैलगाड्या, चुली, सगळं रस्त्यावर. त्या वस्तीला नाव पडलं आंदोलननगर. बसलेल्यांत मराठी बोलणारे होते तसे कानडी बोलणारेही होते. ज्या भागात १९५६ पासून प्रत्येक गोष्ट भाषेच्या तराजूत तोलली जात होती, जिथे महाजन आयोगाने १९६७ साली निपाणी महाराष्ट्राला द्यावी असं सांगूनही काही हललं नव्हतं, तिथे हे लोक एका चुलीवर जेवत होते. तंबाखूच्या भावाला मातृभाषा नव्हती.

खेळाच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी पानं बदलली नाहीत, जागा बदलली. एकेकटा शेतकरी वखारीत जाऊन सर्वांत आधी बोलत होता. सगळे मिळून रस्त्यावर बसल्यावर पहिल्यांदा शेवटची पाळी त्यांच्याकडे आली. आता सरकारने बोलायचं, व्यापाऱ्याने बोलायचं, आणि मग ते ठरवणार. दक्षिणोत्तर वाहतुकीची मुख्य शीर त्यांच्या हातात होती. बघायची किंमतही वाटली गेली. एकट्याने सोसायचं ते हजारोंनी सोसलं.

इथपर्यंत पत्त्यांची उपमा चालते. पुढे ती चालत नाही. ६ एप्रिलला, तेवीस दिवसांनी, पोलिसांनी आंदोलन मोडून काढलं. गोळीबार झाला. बारा शेतकरी मेले. बारा माणसं म्हणजे चिंचोके नव्हेत, पॉइंट नव्हेत. तात्या त्या जागी थांबले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग फक्त एवढं म्हणाले, की दुसऱ्या दिवशी वखार उघडली तेव्हा त्यांना वहीत तारीख लिहिवेना. तारीख लिहायची तर आदल्या दिवसाचं पान उलटावं लागत होतं.

मी त्या वयात यातलं फार थोडं समजलो. परत येताना गाडीत मित्राला म्हटलं, की एवढी माणसं गेली, मग मिळालं काय? तो चिडला. म्हणाला, "तू अजून जिंकलं-हरलंच मोजतोस." आज मी त्याला वेगळं उत्तर देईन. निपाणीने माझ्यासारख्याला एवढं दाखवून दिलं, की शेतकऱ्याचं नुकसान त्याच्या नशिबामुळे किंवा अडाणीपणामुळे होत नव्हतं. त्याला ज्या अटींवर खेळायला बसवलं होतं, त्या अटींवर जगातला सर्वांत हुशार खेळाडूही हरला असता.

म्हणून हल्ली कुणी शेतीला जुगार म्हटलं की मला खटकतं. जुगाऱ्याला उठता येतं. चवथीला माझा भाचा ज्या सहजपणे पानं खाली टाकून चहा आणायला उठतो, ती सहजता हेच त्या खेळातलं खरं भांडवल आहे. ज्याला उठता येतं त्याने सत्ती-अठ्ठी जरूर खेळावी, मजा येते. पण आपल्यापैकी कुणी कर्ज काढून, घर गहाण टाकून, परतीची वाट बंद करून एखादं कच्चं पान खेळायला निघालं असेल, मग ते पत्ते असोत, शेअर असोत की आणखी काही, तर त्याला एवढंच विचारावं : बाबा रे, पानं कशी आहेत ते राहू दे, तुला टाकता येतील का?

तात्या जाऊन आता वीस वर्षं होतील. मित्राशी अजून फोनवर बोलणं होतं. त्याच्या रानात आता ऊस असतो, क्वचित सोयाबीन. तंबाखू त्याने कधीच सोडली.

आणि हो, त्या रात्रीची सत्ती-अठ्ठी. मी भाच्याचं ऐकून दोन चिंचोके घातले आणि पहिली तीन पानं पाहिली. इस्पिकचा राजा, किलवरची राणी, चौकटची तिर्री. मी पानं खाली ठेवली आणि समया विझल्या का ते बघायला देवाच्या खोलीत गेलो.